फुकट कोणाला मिळाले?

गेल्या काही वर्षांत मराठी बोलण्यात एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'फुकटे'. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना सुरू केली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. तेव्हापासून रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर हा शब्द हटकून कानी पडतो. रेशनचे धान्य २०२३ पासून विनामूल्य झाले, बायकांना घरबसल्या पैसे मिळू लागले, मग शेतावर मजूर येतीलच कशाला? आपण कर भरायचा आणि त्यांनी बसून खायचे! असा एकूण सूर असतो. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. कष्ट करून वर आलेली, देवभीरू, मुलाबाळांना शिकवणारी माणसे असतात. म्हणूनच त्यांच्याशी चार शब्द बोलणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सरकारची प्रत्येक योजना चांगली असते, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, संपत्ती आणि सरकारी मदत यांविषयीची आपली मते आपण विचार करून बनवलेली नसतात. ती आपल्याला घरातून मिळतात. आजोबांनी जे सोसले, वडिलांनी जे मिळवले आणि आपल्या जन्माआधी घरात जे चालत आले, त्यातून ती घडतात. दुर्दैव असे की, घराला सोसलेले दुःख आठवते, केलेले कष्ट आठवतात; मिळालेला हात मात्र आठवत नाही. त्या विसरण्यातून जो ताठा येतो, त्यालाच आपण स्वाभिमान म्हणतो.

हे पटवण्यासाठी एका गावाकडे पाहू. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपळवंडी हे जुन्नर तालुक्यातले गाव आहे. कुकडी नदीचा हा सुपीक पट्टा. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांनी तो हिरवागार दिसतो. या पट्ट्यातला शेतकरी आळशी आहे असे त्याचा वैरीही म्हणणार नाही. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा तो पाणी धरायला जातो, आणि तेही उसात बिबट्या दबा धरून बसलेला असण्याची भीती उरात घेऊन. पाचटाने हात कापून घेतो, कांद्याचा भाव पडला की उपाशीपोटी हिशेब मांडतो. त्याची सुबत्ता त्याच्या घामाची आहे, यात शंका नाही. पण ती केवळ त्याच्याच घामाची आहे का?

पिंपळवंडीच्या शेजारीच येडगावचे धरण आहे. ते १९७७ साली पूर्ण झाले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. ही धरणे कोणा एका शेतकऱ्याने बांधली नाहीत. ती साऱ्या राज्याच्या पैशातून बांधली गेली. त्या पैशात मुंबईच्या गिरणी कामगाराने काडेपेटीवर भरलेला करही होता आणि पाण्याचा थेंबही न मिळालेल्या माणदेशी धनगराचा वाटाही होता. पुढे पाण्यामागून वीज आली. उसामागून साखर कारखाने आले. जुन्नरचा विघ्नहर, आंबेगावचा भीमाशंकर. महाराष्ट्रातील सहकारी कारखानदारी सभासदांच्या पैशाबरोबरच शासनाच्या भागभांडवलावर आणि थकहमीवर उभी राहिली, ही उघड गोष्ट आहे. उसाला कारखान्याने किमान किती भाव द्यायचा, हे केंद्र सरकार ठरवते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. कर्जमाफी २००८ साली झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज देण्याचे शासनाने ठरवले. बिबट्याने शेळी नेली तर वनखाते भरपाई देते.

यातले काहीही देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. ते द्यायलाच हवे होते. शेती हा निसर्गाशी आणि बाजाराशी एकाच वेळी खेळायचा जुगार आहे. त्यात एकट्याने टिकणे कठीण. आमचा प्रश्न वेगळाच आहे. कालव्याच्या पाण्याला कोणी 'फुकट' म्हणत नाही. ते 'हक्काचे पाणी' असते. कर्जमाफी हा 'बळीराजाचा सन्मान' असतो. भरपाई ही 'भरपाई' असते. मग खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या खात्यात १,५०० रुपये पडले की तीच सरकारी मदत 'फुकट' कशी होते? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, यापलीकडे या शब्दभेदाला दुसरा आधार आम्हांला सापडत नाही.

याचे कारण वयात आहे, इतिहासात आहे. ज्या पिढीने पाणी येण्यापूर्वीची कोरडी जमीन पाहिली, तिला धरणाची किंमत ठाऊक होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बागायतदाराची सूनही खडी फोडायला गेली. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी ज्या आजीने खाल्ली, ती आजी सरकारी मदतीची थट्टा करत नाही. तिच्या लेखी सरकार म्हणजे भुकेच्या वेळी काम देणारे सरकार. तिचा नातू मात्र कालव्याच्या काठी जन्मला. त्याला पाणी हे सूर्यप्रकाशासारखे आपोआप आलेले वाटते आणि त्यावर पिकलेला ऊस तेवढा स्वतःचा वाटतो. नातू आजीपेक्षा वाईट नाही. तो फक्त उशिरा जन्मलेला आहे. परंतु उशिरा जन्मलेल्याने आधीचे विचारून घ्यावे, ही अपेक्षा काही जगावेगळी नाही.

आता याच पाण्याच्या उगमाकडे चला. डिंभे धरण शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. त्याचा डावा कालवा डोंगरउतारावरून फिरत येतो आणि येडगावच्या जलाशयात पाणी सोडतो. तेथून कुकडीचा डावा कालवा ते पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत नेतो. डिंभ्याच्या पाण्याखाली महादेव कोळी आदिवासींच्या जमिनी गेल्या. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते आंबेगाव गावच बुडाले. तालुक्याच्या नावाची पाटी तेवढी कोरडी राहिली! अनेक कुटुंबे उतारावर वर सरकली आणि उन्हाळ्यात जलाशय ओसरला की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत काहीबाही पेरू लागली. ज्यांच्या भातखाचरांवर धरण उभे राहिले, त्यांच्यातलीच पुष्कळ माणसे धरणाच्या पाण्यावर पिकणाऱ्या मळ्यांत मजुरीसाठी येतात. नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो. तेथे सकाळी विळा-खुरपे घेऊन उभे राहायचे आणि कोणी बागायतदार नेईल त्याच्या शेतावर जायचे.

अशा घरात वाढलेल्या मुलाच्या मनात सरकारविषयी कोणते चित्र असेल? त्याच्या आजोबांनी सरकार पाहिले ते वनखात्याच्या शिपायाच्या रूपात, लाकूड आणले म्हणून दंड मागणारे. त्याच्या वडिलांनी सरकार पाहिले ते मोजणीदाराच्या रूपात, जमिनीत खुंट्या ठोकणारे. त्याच्यापर्यंत आता सरकार पैसे घेऊन येत असेल, तर त्याने कृतज्ञतेने गहिवरावे, ही आपली अपेक्षा कोणत्या तोंडाने? त्याला मिळते आहे ती मदत की फार जुन्या देण्याचा फार उशिरा आलेला आणि फार छोटा हप्ता, हे पिंपळवंडीच्या मळ्यातून नव्हे, डिंभ्याच्या काठावर उभे राहून ठरवावे.

शिवाय ही माणसे हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. या डोंगरपट्ट्यात 'पडकई' नावाची जुनी रीत आहे. उतारावर दगडाचे बांध घालून भाताचे खाचर तयार करायचे असते. एका कुटुंबाच्या बळाचे ते काम नाही. म्हणून आज तुझ्या शेतावर सारे, उद्या माझ्या शेतावर सारे, अशी पाळी लावून ते करतात. 'शाश्वत' या संस्थेने आदिवासींबरोबर काम करताना या पडकईला रोजगार हमीचा पैसा मिळवून दिला. मदत आली म्हणून कोणी पहार खाली ठेवली नाही. उलट जे काम पोटापायी मागे पडत होते, ते पुढे सरकले. मदतीने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी एकदा ही खाचरे पाहून यावीत.

'मदतीने माणूस बिघडतो' हा युक्तिवाद नवा नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनची माणसे रस्त्याकडेला मरत होती. तेव्हा दुष्काळी कामांवरच्या मजुराला किती द्यावे, हा प्रश्न सरकारपुढे होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर मजुरी आणली. जास्त दिले तर लोकांना सवय लागेल, ही त्यामागची भीती. काम घरापासून दूर असावे, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, हाही त्या काळचाच हिशेब. पुणे सार्वजनिक सभेने या धोरणाविरुद्ध सरकारला लिहिले आणि मुंबई इलाख्यातील हजारो भुकेल्या मजुरांनी कमी मजुरी नाकारून कामे सोडली. आज मांडवात बसून जेव्हा कोणी म्हणतो, "एवढे दिले की हे लोक कामाला येणार नाहीत," तेव्हा ते उद्गार त्याचे स्वतःचे नसतात. ते टेंपलसाहेबांचे असतात, फक्त भाषा मराठी असते.

त्या युक्तिवादाला महाराष्ट्रानेच उत्तर दिले आणि ते आपल्या राज्याच्या इतिहासातील एक तेजस्वी पान आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे; पंधरा दिवसांत दिले नाही तर भत्ता दिला पाहिजे. ही दया नव्हती, हा हक्क होता. आणि त्याचा खर्च कोणी उचलला? १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने शहरातल्या पगारदारांच्या खिशातून दरमहा काही रुपये घेतले आणि तेवढीच भर शासनाने घातली. गिरगावातला कारकून खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईचा भाऊ झाला, आणि त्यासाठी कोणाचेही छायाचित्र पिशवीवर छापावे लागले नाही. देशाने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

येथे आमच्या वाचकांपैकी काही म्हणतील, "हे जुन्नर-आंबेगावच्या बागायतदारांचे झाले. आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो घरचा आहे.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांकडे पाहा. त्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या त्यागातून उभ्या राहिल्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण त्यांतील अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार शासन देते. आपल्यातील कितीतरी घरे त्या पगारावर मध्यमवर्गात आली. वसईच्या घरांचेच पाहा. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी मॉन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँकेची स्थापना झाली. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची ती परंपरा वंदनीय आहे. परंतु पुढे ज्या वाडीचा भाव गगनाला भिडला, तो काही केळीच्या घडांमुळे नव्हे. लोकल गाडी, हमरस्ता आणि वाढती मुंबई यांनी तो भाव वाढवला. जमीन विकून मिळालेले धन हे मालकाच्या हुशारीपेक्षा रुळांचे देणे अधिक आहे. ज्याला रुळांनी श्रीमंत केले, त्याने रेशनच्या रांगेला हसू नये.

नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरातील, आपल्या बांधवांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. तेथील अनेक घरांच्या ख्रिस्ती होण्याच्या कहाणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ आहेत. मिशनच्या दारी धान्य मिळाले, औषध मिळाले, शाळा मिळाली. आणि गावाने टोमणा मारला की पोटासाठी धर्म बदलला. त्या टोमण्याने किती पिढ्यांच्या माना खाली घातल्या! भुकेल्याने घेतलेल्या घासावरून त्याची श्रद्धा मोजणे किती क्रूर असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? मग तोच टोमणा धर्माच्या जागी मत हा शब्द घालून आपल्या तोंडी कसा येतो? '१,५०० रुपयांना मत विकले' म्हणणे आणि 'दुधाच्या भुकटीसाठी धर्म विकला' म्हणणे, यांत आम्हांला फरक दिसत नाही.

त्याच बांधवांना शासनाने दुसराही धडा दिला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मीय दलितांना त्या सवलतींतून वगळले. १९५६ साली शीख दलितांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलितांना ते दार अजून उघडलेले नाही. गरिबी तीच, गावाने दिलेली वागणूक तीच, फक्त प्रार्थनेची जागा बदलली म्हणून हक्क गेला. ज्या समाजाने असा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, त्याने दुसऱ्याच्या हक्काला खिरापत म्हणणे शोभत नाही.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळू. निवडणुका तोंडावर आल्या की पैसे वाटायचे, नेत्याचे छायाचित्र झळकवायचे, पुढे निकष बदलायचे, हा व्यवहार लोकशाहीला पोखरतो, असे ते म्हणतात. या मुद्द्याशी आम्ही सहमत आहोत. लाडकी बहीण योजना जुलैत सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, हे आम्हांलाही दिसते. पण दोष कोठे आहे? तो घेणाऱ्या बाईत नाही, देणाऱ्याच्या रीतीत आहे. रोजगार हमीत बाई काम मागत होती आणि शासन उत्तरदायी होते. येथे नेता भाऊ होतो, बाई बहीण होते आणि ओवाळणी केव्हा थांबवायची हे भाऊच ठरवतो. नागरिकाला लाभार्थी करणारी ही रीत आम्हांला मान्य नाही. पण जो मनुष्य या रीतीवर टीका करतो आणि निवडणुकीपूर्वीच्या कर्जमाफीवर मात्र टाळ्या वाजवतो, त्याची टीका आम्ही ऐकणार नाही. मदतीचे हक्कात रूपांतर करा, असे म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे. मदत बंद करा, असे म्हणण्याचा अधिकार कालव्याचे पाणी पिणाऱ्याला नाही.

मजूर मिळत नाहीत, ही तक्रारही तपासून घ्यावी. मजूर मिळत नाहीत, की कालच्या मजुरीत मिळत नाहीत? घरात चार दिवसांचे धान्य असलेली बाई पडेल त्या मजुरीला 'नाही' म्हणू शकते. तिला 'नाही' म्हणता येणे, हेच अनेकांना खुपते. आपल्या मुलाने चांगला पगार मिळेपर्यंत नोकरी नाकारली तर आपण त्याला बाणेदार म्हणतो.

आपल्यातील काही सुशिक्षित बंधू या वादात पोप दुसरे जॉन पॉल यांचा आधार घेतात. १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात त्यांनी सर्वच कामे स्वतःकडे घेणाऱ्या साहाय्यकारी राज्यावर टीका केली आहे, हे खरेच. परंतु त्यांचा रोख गरिबाला मदत देऊ नये यावर नव्हता. गरिबाच्या जवळच्यांनी, त्याला नावाने ओळखणाऱ्यांनी ती द्यावी, यावर होता. त्याच परिपत्रकात खाजगी मालमत्तेबरोबरच पृथ्वीवरील धन सर्वांसाठी आहे, या ख्रिस्तसभेच्या प्राचीन शिकवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. एक परिच्छेद वाचायचा आणि प्रकरण सोडून द्यायचे, हे काही वाचन नव्हे. जवळून मदत कशी करावी, याचे उदाहरण शेजारीच आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर परिसरात पाणलोट विकासाचे काम उभे केले. त्यात गावाने आधी श्रमदान करायचे आणि मग बाहेरचा पैसा घ्यायचा, अशी अट होती. बाहेरचा पैसा मात्र आलाच. जर्मन सहकार्य आणि नाबार्ड त्यात होते. कष्ट आणि मदत यांचे वैर नाही, हेच त्या ओल्या झालेल्या टेकड्या सांगतात.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. मळ्याचा धनी दिवसाच्या अखेरीस आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. जुन्नर तालुक्यात द्राक्षमळेही आहेत आणि बाजारात उभे राहिलेले मजूरही आहेत. हा दाखला तेथे समजावून सांगावा लागू नये. उशिरा आलेला आळशी नव्हता. त्याला कोणी कामावर घेतले नव्हते, एवढेच. धन्याने सकाळच्या मजुराचे काहीही कापले नाही. त्याची कुरकुर स्वतःच्या मजुरीबद्दल नव्हती, दुसऱ्याच्या मजुरीबद्दल होती.

आमची वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांना विचारून एक वही करावी. गेल्या तीन पिढ्यांत या घराला काय काय मिळाले, ते तीत लिहावे: पाणी, अनुदान, शिष्यवृत्ती, कर्जमाफी, रेशन, मिशनची शाळा, सरकारी दवाखाना, वाढलेला जमिनीचा भाव. मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे कष्टांच्या गोष्टींबरोबर मिळालेल्या हातांच्या गोष्टीही त्यांच्या कानी पडतील. आणि एखाद्या शनिवारी धर्मग्रामाच्या सभागृहात टेबल मांडून, आधार आणि बँक खात्याच्या कागदांत अडकलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अर्ज भरून द्यावा, मग ती कोणत्याही धर्माची असो. तिच्या अर्जावर उत्पन्नाचा आकडा लिहिताना हात क्षणभर थांबेल. तो आकडा पाहिल्यावर ज्याला 'फुकटे' हा शब्द पुन्हा उच्चारावासा वाटेल, त्याच्याशी आमचा वाद पुढेही चालूच राहील.